अख्खं शेपूट हलतं तेव्हा

विमानाचं नाक वर-खाली करण्याचं काम शेपटाकडे असतं. नेहमीच्या विमानात शेपटाच्या आडव्या पंखाला मागच्या कडेला बिजागरीवर हलणारी फळी असते. तिला एलिव्हेटर म्हणतात. ती वर उचलली की शेपूट खाली दाबलं जातं आणि नाक वर येतं.

पण वेग ध्वनीच्या जवळ गेला की गणित बिघडतं. अमेरिकेच्या ‘बेल एक्स-१’ विमानाच्या चाचण्यांत, मॅक ०.९४च्या, म्हणजे ध्वनीच्या ०.९४ पट वेगाच्या सुमारास, वैमानिक चक येगर यांनी स्टिक ओढली तरी नाक ढिम्म हललं नाही. अशा वेगात हवेत तयार होणारा दाबाचा आघात-तरंग थेट बिजागरीपाशी बसला होता; फळीचा परिणाम पुढच्या भागापर्यंत पोहोचतच नव्हता. अभियंते जॅक रिडली म्हणाले, फळीचा नाद सोडा, अख्खा आडवा पंखच थोडा फिरवा. तशी सोय विमानात होतीच. १४ ऑक्टोबर १९४७ रोजी येगर यांनी मॅक १.०६ गाठला.

आज बहुतेक स्वनातीत लढाऊ विमानांत हीच रचना दिसते. नाशिकजवळ ओझरला तयार झालेल्या सुखोई-३० विमानांतही शेपटाचे दोन्ही आडवे पंख पूर्ण फिरतात: एकाच दिशेनं फिरले तर नाक वर-खाली होतं, उलट दिशांनी फिरले तर विमान कुशीवर वळतं.