धान्य, काम आणि शांतता : लायबेरियाचा धडा

(सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेले भाषण)



ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त ‘युद्धग्रस्तांचे साहाय्य’ या विषयावर विचार मांडण्याची संधी आपण दिलीत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. विषय फार विस्तृत आहे. म्हणून आज एकाच देशाची हकीकत सांगतो. तो देश म्हणजे पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील लायबेरिया. मदत करणाऱ्या प्रत्येक संस्थेने विचारात घ्यावे, असे पुष्कळ काही या लहानशा देशाने दाखवून दिले आहे.

डिसेंबर १९८९ मध्ये चार्ल्स टेलर यांच्या बंडखोरांनी आयव्हरी कोस्टची सीमा ओलांडली आणि लायबेरियात यादवी युद्ध पेटले. मधला अल्प काळ वगळता हा वणवा २००३ पर्यंत धुमसत राहिला. सुमारे तीस लाख लोकसंख्येच्या या देशात अडीच लाखांच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडल्याचा अंदाज आहे. कोवळ्या मुलांच्या हाती बंदुका दिल्या गेल्या. जगभरातून धान्य, औषधे, तंबू आले. त्यामुळे असंख्य जीव वाचले, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. परंतु धान्याच्या पोत्याने भूक शमते, वैर शमत नाही.

ते शमविण्यासाठी पुढे आल्या त्या सामान्य स्त्रिया. लेमा ग्बोवी या समाजसेविकेच्या पुढाकाराने एप्रिल २००३ पासून राजधानी मोनरोव्हियातील मासळी बाजाराजवळच्या मैदानावर ख्रिश्चन आणि मुस्लिम स्त्रिया पांढरी वस्त्रे परिधान करून एकत्र बसू लागल्या. अध्यक्ष झालेल्या टेलर यांचा ताफा त्याच रस्त्याने जात असे. ऊन-पावसाची तमा न बाळगता त्या बसून राहिल्या. अखेर टेलर यांनी त्यांची भेट घेतली. पुढे घानामध्ये वाटाघाटी सुरू झाल्या. पण आठवडे उलटले तरी निर्णय होईना, आणि इकडे मोनरोव्हियावर तोफगोळे पडत होते. तेव्हा या स्त्रियांनी सभागृहाचे दार अडवून धरले. करार होईपर्यंत कोणालाही बाहेर जाऊ देणार नाही, असा त्यांचा निर्धार होता. १८ ऑगस्ट २००३ रोजी अक्रा येथे शांतता करार झाला. त्यामागे आंतरराष्ट्रीय दबाव होता, टेलर यांनाही आठवड्यापूर्वीच पद सोडावे लागले होते, हे खरे. तथापि या मातांच्या धरण्याशिवाय त्या कराराची कथा पूर्ण होत नाही. २०११ मध्ये ग्बोवी यांना नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. त्यांच्यासमवेत ते मिळविणाऱ्या एलन जॉन्सन सरलीफ या जानेवारी २००६ मध्ये लायबेरियाच्या अध्यक्षा झाल्या होत्या. आफ्रिका खंडातील त्या पहिल्या निर्वाचित महिला राष्ट्रप्रमुख.

येथे आपल्याही देशाचा अभिमानास्पद संबंध येतो. जानेवारी २००७ मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलाची महिला तुकडी संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत लायबेरियात दाखल झाली. संयुक्त राष्ट्रांच्या इतिहासातील ती पहिली सर्व-महिला पोलीस तुकडी होती. २०१६ पर्यंत आपल्या भगिनींनी तेथे पहारा दिला, गस्त घातली. त्यांना पाहून तेथील अनेक मुली पोलीस सेवेकडे वळल्या.

परंतु करार झाला म्हणजे सर्व झाले काय? एक लाखाहून अधिक जणांनी आपण लढवय्ये असल्याची नोंद करून निःशस्त्रीकरणात भाग घेतला. प्रत्येकास तीनशे डॉलर देण्याचे ठरले. ते पैसे संपल्यावर या तरुणांनी करावे काय? वयाची उमेदीची वर्षे युद्धात गेलेली. अक्षरओळख नाही, हाती कसब नाही.

या संदर्भात तेथे झालेले दोन अभ्यास उद्बोधक आहेत. पहिल्यात माजी सैनिकांना शेतीचे शिक्षण आणि साधने दिली गेली. त्यांचा बेकायदा धंद्यांत जाणारा वेळ सुमारे एक पंचमांशाने घटला. २०११ मध्ये शेजारच्या आयव्हरी कोस्टमध्ये युद्ध भडकले, तेव्हा ज्यांना मदतीचा पुढील हप्ता मिळण्याची आशा होती, ते भाडोत्री लढाईकडे कमी वळले. दुसरा अभ्यास मोनरोव्हियातील गुन्हेगारीकडे वळलेल्या सुमारे एक हजार पुरुषांचा. काहींना आठ आठवडे रागावर ताबा ठेवण्याचे, पुढचा विचार करण्याचे समुपदेशन मिळाले, काहींना दोनशे डॉलर, काहींना दोन्ही. केवळ पैशांचा परिणाम लवकर ओसरला, केवळ समुपदेशनाचाही क्षीण होत गेला. दोन्ही मिळालेल्यांमध्ये मात्र दहा वर्षांनंतरही चोरी, अमली पदार्थांची विक्री यांसारखी कृत्ये सुमारे निम्मी झालेली आढळली. माणसाला हातास काम हवे, मनास वळण हवे आणि उद्याची आशाही हवी, हेच यातून दिसते.

लायबेरियात सर्व सुरळीत झाले आहे, असे मुळीच नाही. २०१४ च्या इबोला साथीने हजारो बळी घेतले. दारिद्र्य आहे, संसदेत स्त्रिया अद्यापि अल्पसंख्य आहेत. तरीही संयुक्त राष्ट्रांचे शांतिसैन्य २०१८ मध्ये परतले, त्याच वर्षी आणि पुन्हा २०२४ मध्ये सत्तांतर शांततेने झाले. ज्या देशात सत्ता बंदुकीने बदलत असे, तेथे ती मतपेटीने बदलली.

बंधू-भगिनींनो, आपण अहवालात किती पोती वाटली, किती कुटुंबांना मदत दिली, याची नोंद करतो. ती अवश्य करावी. पण त्या शेजारी आणखी दोन रकाने असावेत, अशी माझी नम्र विनंती आहे. मदत घेणाऱ्या घरातील तरुण पुढच्या वर्षी स्वतःच्या पायावर उभा राहिला काय? आणि मदत कशी द्यावी, हे ठरविताना त्या घरातील स्त्रीला कोणी विचारले काय? मासळी बाजारातील त्या स्त्रियांना बैठकीचे निमंत्रण नव्हते. त्यांना दारात बसावे लागले. आपल्या दारात कोणाला तसे बसावे लागू नये, एवढे आपण निश्चितच करू शकतो.