नकाशा मोठा, गोष्ट छोटी

हॅरी पॉटरचं पहिलं पुस्तक १९९७ मध्ये आलं, तेव्हा मूळ ब्रिटिश आवृत्तीत त्याची पानं होती २२३. पाचवं आलं २००३ मध्ये, त्याची ७६६. मधल्या सहा वर्षांत हॉगवर्ट्सची शाळा काही तिप्पट झाली नव्हती. पहिल्या पुस्तकात एकही प्रसंग रेंगाळत नाही. पाचव्यात पंधरा वर्षांचा हॅरी पानोपानी चिडतो, रुसतो, मित्रांवर ओरडतो. वाचकांनी ते सोसलं, कारण तोवर त्यांचा जीव त्या पोरांत अडकला होता.

लोकप्रिय अद्भुत कादंबरीचं खरं दुखणं हे आहे. तिच्यावर आरोप होतो तो वेगळाच: ड्रॅगन कुठे असतात, जादू कुठे असते, हे सगळं पोरखेळ. हा आरोप फुसका. पुष्पक विमान आणि दहा तोंडांचा राजा ऐकत वाढलेल्या वाचकाला अद्भुत पचायला जड जात नाही. जड जातात ती पानं.

या जाडीचं खापर बहुधा टॉल्किन यांच्यावर फुटतं. ऑक्सफर्डचे हे प्राध्यापक जुन्या इंग्रजीचे पंडित. त्यांनी एल्फ लोकांच्या भाषा रचायला घेतल्या आणि त्या बोलणाऱ्यांचा इतिहास त्यामागून आला. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४-५५ मध्ये तीन खंडांत निघाली, त्यात कागदाच्या महागाईचा हात होता. लेखकाच्या लेखी ती एकच कादंबरी होती. सुरुवात संथ आहे, हे भक्तांनीही कबूल करावं. बिल्बोच्या मेजवानीनंतर फ्रोडो घराबाहेर पडेपर्यंत कथेत सतरा वर्षं जातात, आणि काही वाचकांना ती एकेक करून भोगल्यासारखी वाटतात. टॉम बॉम्बाडिलचं प्रकरण पीटर जॅक्सन यांनी सिनेमातून सरळ गाळलं. कोणाचं काही अडलं नाही.

पण शेवट! ज्वालामुखीच्या तोंडाशी उभा राहून फ्रोडो अंगठी टाकायला नकार देतो. शेकडो पानं चालून आलेला नायक ऐन क्षणी हरतो, आणि काम फत्ते होतं ते गोलमच्या हावेमुळे. पुढे घरी परतलेल्या फ्रोडोला स्वतःच्याच गावात करमत नाही. टॉल्किन १९१६ मध्ये सॉमच्या लढाईत होते, जवळचे मित्र त्यांनी त्या महायुद्धात गमावले. आपली कादंबरी म्हणजे युद्धाचं रूपक, हे त्यांनी कधी मानलं नाही. तरीही जिंकून परतलेल्या सैनिकाचं असं तुटलेपण टेबलाशी बसून सुचत नाही.

अनुकरण करणाऱ्यांनी हा शेवट सोडला आणि नकाशा उचलला. १९६५ मध्ये अमेरिकेत ‘एस बुक्स’ने टॉल्किन यांच्या संमतीशिवाय स्वस्त पेपरबॅक काढली, त्यावर वाद पेटला, आणि त्याच सुमारास पुस्तक कॉलेजांच्या आवारात शिरलं. बाजार दिसला. १९७७ मध्ये टेरी ब्रुक्स यांची ‘सोर्ड ऑफ शॅनारा’ आली. तोच गूढ म्हातारा मार्गदर्शक, तोच अंधाराचा स्वामी, तीच खेडवळ पोरं. खपली मात्र धडाक्यात.

रॉबर्ट जॉर्डन यांची ‘व्हील ऑफ टाइम’ ही याच वंशातली, पण कुवतीने कितीतरी मोठी. १९९० मध्ये सुरू झालेली ही माला १४ खंडांवर जाऊन थांबली. पहिले चार खंड जबरदस्त. पुढे पात्रं वाढत गेली, प्रत्येकाचा पोशाख आणि प्रत्येकीचा नाकाचा शेंडा वर्णनात आला, नायनीव्ह रागाने वेणी ओढत राहिली. २००३ चा दहावा खंड तर कमाल करतो: नवव्याच्या शेवटी एक प्रचंड घटना घडते, आणि दहाव्यातला बराच भाग ती इतरांना कशी जाणवली एवढंच सांगण्यात जातो. जॉर्डन २००७ मध्ये गेले. त्यांच्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसन यांनी शेवट लिहिला. तो एका खंडात व्हायचा होता, लागले तीन.

जॉर्ज मार्टिन यांची गोष्ट वेगळी. भाषा, माणसांची जाण, घाव घालण्याची वेळ, सगळं पहिल्या प्रतीचं. २००० मध्ये आलेला त्यांच्या कादंबरीमालेचा तिसरा खंड या प्रकारातल्या उत्तम कादंबऱ्यांत बसतो. मग मार्टिन यांनी पात्रांची प्रदेशवार वाटणी करून एका कथेची दोन पुस्तकं केली, एक २००५ मध्ये, दुसरं २०११ मध्ये. तिच्यावरची मालिका २०१९ मध्ये टीव्हीवर संपून गेली, सहावं पुस्तक मात्र रखडलेलंच. त्यांना आळशी म्हणणं अन्यायाचं होईल. ते स्वतःला बागवान म्हणवतात: बी टाकायचं आणि काय उगवतं ते पाहायचं. उगवलं इतकं, की आता वाट सापडत नाही.

या सगळ्यांच्या शेजारी उर्सुला ले ग्विन यांची ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ ठेवावी. साल १९६८, पानं दोनशेच्या आसपास. त्यातही नकाशा आहे, समुद्रात विखुरलेली शेकडो बेटं आहेत. पण गोष्ट एका पोराची. गेड नावाचा हुशार, गर्विष्ठ मुलगा जादूच्या शाळेत पैज मारतो, मेलेल्याला बोलावायला जातो, आणि त्या फटीतून एक काळी सावली बाहेर पडते. पुढचं सगळं पुस्तक म्हणजे ती सावली आणि तो. जादूगारांची शाळा हॅरीच्या तीस वर्षं आधी इथे होती, आणि ती काही प्रकरणांत आटोपते. इथली जादू फुकटची नाही. एका बेटावरचा पाऊस ढकलला तर दुसऱ्या बेटावर काय होईल, हे आधी पाहावं लागतं. म्हणून मोठा जादूगार तो, जो सहसा जादू करत नाही.

गेड तांबूस-काळसर वर्णाचा आहे. हे लेखिकेने मुद्दाम केलं होतं. तरी मुखपृष्ठांवर तो वर्षानुवर्षं गोरा छापला गेला, आणि २००४ च्या टीव्ही मालिकेत गोरा नटच घेतला, त्यावर ले ग्विन यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. त्यांनी स्वतःलाही सोडलं नाही. पहिल्या तीन पुस्तकांत जादूची सत्ता पुरुषांचीच का, हा प्रश्न घेऊन त्या १९९० मध्ये ‘तेहानू’ घेऊन परतल्या. त्यात गेडची शक्ती संपलेली आहे आणि कथा एका मध्यमवयीन विधवेची आहे. अनेक चाहते हिरमुसले. त्यांना ड्रॅगनवर स्वार झालेला गेड हवा होता, शेळ्या राखणारा नको होता. पुस्तक मात्र पहिल्याइतकंच खणखणीत.

विज्ञानकथेत वजन पानांचं कमी आणि कल्पनेचं जास्त असतं. लिऊ त्सिशिन यांची ‘थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ २००६ मध्ये चिनी मासिकातून क्रमशः आली; केन लिऊ यांच्या इंग्रजी अनुवादाला २०१५ मध्ये ह्यूगो पुरस्कार मिळाला. तीन सूर्यांच्या ओढाताणीत सापडलेलं जग हा विचारच थरारक आहे. सांस्कृतिक क्रांतीत भर सभेत वडिलांचा जीव घेतला जाताना पाहणारी ये वेन्जिए ही पूर्ण उभी राहिलेली व्यक्तिरेखा. बाकीची माणसं एकमेकांना भौतिकशास्त्र समजावण्यापुरती जन्मलेली.

मराठी वाचकाला हे ओळखीचं वाटेल. १९७४ मध्ये जयंत नारळीकर यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. पुढे मराठी विज्ञानकथा वाढली ती दिवाळी अंकांत. तिथे जागा मोजकी, म्हणून एक कल्पना, एक कलाटणी, संपलं. हा संयम जॉर्डन यांना मिळता तर बहार होती! पण त्याच आटोपशीरपणामुळे कित्येक कथांत एक शास्त्रज्ञ बोलतो आणि एक मित्र ऐकतो, एवढीच माणसं उरली. नारायण धारपांनी भय मात्र लांब पल्ल्याचं लिहिलं. स्टीफन किंग यांच्या ‘सालेम्स लॉट’वर बेतलेली ‘लुचाई’ आजही झोप उडवते. त्यांचे नायक ‘समर्थ’ आले की मात्र वाचक सैलावतो. हा माणूस हरणार नाही, हे ठाऊक असतं.

तसं पाहिलं तर मराठी कादंबरीच्या आरंभीच अद्भुत होतं. हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची. हरि नारायण आपट्यांची ‘मधली स्थिति’ १८८५ मध्ये आली, वास्तवाला मान मिळाला, आणि अद्भुत हळूहळू मुलांच्या मासिकांत आणि भुतांच्या गोष्टींत जाऊन बसलं. आज ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ मराठीत ‘स्वामी मुद्रिकांचा’ म्हणून वाचता येते, हॅरी पॉटरही वाचता येतो. आणि गोव्यात, कोकणात गावची वेस सांभाळणारा राखणदार रात्रभर फिरतो, चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून लोक त्याला नव्या अर्पण करतात. ले ग्विन यांना आवडला असता असा देव: ताकद आहे, हद्द आहे, झीजही आहे. एखाद्या मराठी लेखकाने त्याला कादंबरीत आणावंच. पानं तीनशेच्या आत असावीत, एवढी अट वाचकांनी आधीच घालून ठेवायला हरकत नाही.