आईचा शेपू

आजचा भाग छोटा आहे. शेवटी एक क्लिप ऐकवणार आहे, तेव्हा मध्येच पळू नका.

साताऱ्यात आमच्या कॉलनीत संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकवांचा धडाका असायचा, आणि उखाणा म्हटलं की आई. पाठ केलेला उखाणा तिला चालायचा नाही. एकदा अण्णांनी बाजारात घोळ घातला, तर संध्याकाळी वीस-पंचवीस बायकांसमोर ही सुरू :

‘मेथी आणायला सांगितली, घेऊन आले शेपू,
अमुकरावांचं नाव घेते, यांना किती जपू!’

(‘अमुक’च्या जागी अण्णांचं नाव. ते इथे नको, लाजायचे बिचारे.) पुढे आठवडाभर भाजीवालासुद्धा अण्णांना विचारायचा, “साहेब, नक्की मेथीच ना?”

२०१८ मध्ये अण्णा गेले. पुढच्या संक्रांतीला आईला एकाही घरून बोलावणं आलं नाही. कुणी वाईट बोललं नाही हं, फक्त बोलावलं नाही. वर कहर म्हणजे शेजारच्या काकू दुपारी येऊन म्हणाल्या, “वहिनी, सुनेसाठी एक उखाणा जुळवून द्या ना.” आईने दिला. संध्याकाळी वरच्या मजल्यावरून हसण्याचा आवाज आला, तेव्हा ती ओट्यापाशी उभी होती. म्हणाली, “माझाच आहे तो. चांगला जमलाय.” मला काय बोलावं कळेना. मी टीव्हीचा आवाज वाढवला. अजून लाज वाटते त्याची.

२०२० च्या जानेवारीत तिने स्वतःच हळदीकुंकू ठेवलं. बावीस जणींना बोलावलं, चौदा आल्या. वाण काय लुटलं असेल? प्रत्येकीला शेपूची जुडी! म्हणाली, “तिळगूळ काय, दोन मिनिटांत विसराल. शेपू खाल्लात की दिवसभर ढेकर येतील, तेवढ्या वेळा माझी आठवण काढा.” दोघी कुंकू न लावून घेताच गेल्या. जुडी मात्र नेली! आणि ज्या आजींचं आम्हाला टेन्शन होतं, त्यांनीच करंडा उचलून आधी आईला कुंकू लावलं. आई एकदम गप्प. तिला गप्प झालेलं मी फार कमी वेळा पाहिलंय.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आठवतंय? पेपर वाचून आई म्हणाली, “बघ, ठराव झाला. शेपूचा खर्च कुणाकडे मागू?”

पुढच्या वर्षी ती गेली. भाजी आता मीच आणतो. मेथी आणि शेपूत माझाही घोळ होतो, तो वेगळा विषय.

तर ही त्या हळदीकुंकवाची क्लिप. आवाज जरा खरखरतो, मी दाराआडून फोन धरला होता.

[क्लिप]

‘मेथीची जुडी आता मीच आणते निवडून,
अमुकरावांचं नाव घेते, दाखवा कुणी अडवून!’

[हशा]

“काय रे, दाराआड काय करतोयस? आत ये, चहा दे सगळ्यांना.”

[क्लिप समाप्त]