तबकडीबाहेर फेकलेलें तारकायुग्म

आकाशांतील क्ष-किरण पृथ्वीच्या वातावरणांतच शोषले जातात. त्यामुळें १९६२ सालीं जियाकोनी व त्यांचे सहकारी यांनीं अग्निबाणांतून उपकरणें वर धाडलीं, तेव्हां कोठें वृश्चिक राशींतील अशा एका तेजस्वी उगमाचा पत्ता लागला. हें एक युग्म आहे, असें पुढें ठरलें. अशा युग्मांत एक साधा तारा असतो. दुसरा घटक म्हणजे मृत ताऱ्याचा अवशेष, न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर. साध्या ताऱ्याचा वायु अवशेषाकडे ओढला जातो, भोंवऱ्याप्रमाणें फिरतां फिरतां लक्षावधि अंश तापतो, आणि त्यांतून क्ष-किरण निघतात.

असे अवशेष जड ताऱ्यांच्या मृत्यूनंतर उरतात, आणि आपल्या आकाशगंगेंत जड तारे आज जन्मतात ते तिच्या चपट्या तबकडींत. परंतु मार्च २००० मध्यें सप्तर्षि तारकासमूहांत एक्सटीई जे १११८+४८० हें युग्म सांपडलें, तें तबकडीपासून सुमारें ५,००० प्रकाशवर्षें उंचावर! त्यांतील कृष्णविवर सूर्याच्या सुमारें सातपट जड आहे. सूर्याहून लहान असा सोबती त्याची प्रदक्षिणा अवघ्या चार तासांत पुरी करितो. २००१ सालीं या युग्माची गति प्रसिद्ध झाली. तें तबकडीला वरखालीं छेदीत जाणाऱ्या लांबट कक्षेंत फिरत आहे.

मग तें तेथें गेलें कसें? एक तर तें एखाद्या पुरातन गोलाकार तारकागुच्छांत जन्मून तेथील दाटींतून बाहेर फेकलें गेलें असावें. किंवा जन्म तबकडींतच होऊन, ज्या स्फोटांत कृष्णविवर निर्माण झालें त्याच्याच धक्क्यानें तें दूर उडालें असावें.

साक्ष मिळाली ती सोबत्याची. पुरातन गुच्छांतील ताऱ्यांत लोहादि जड मूलद्रव्यें अल्प असतात. या ताऱ्याच्या वर्णपटांत मात्र तीं सूर्याइतकीं, किंबहुना कांहीं अधिकच, आढळलीं. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षानें कौल तबकडीच्या बाजूनें पडला. स्फोटानें घर सुटलें, पण जोडी फुटली नाहीं.

तथापि गुच्छांचा मार्गहि खोटा नव्हे. चंद्रशेखर यांचें नांव धारण करणारी चंद्रा दुर्बीण १९९९ सालीं अंतराळांत गेली. तिच्या छायाचित्रांत लंबगोल दीर्घिकांतील अशीं अनेक युग्में गोलाकार गुच्छांतच बसलेलीं दिसतात. म्हणून दीर्घिकेच्या कडेला असें युग्म दिसलें, तर केवळ स्थानावरून त्याचें कूळ ठरवितां येत नाहीं. त्याची चाल आणि त्याचें घटकद्रव्य, दोहोंचीहि चौकशी करावी लागते.