घर तेच, पत्ता नवा

(हॅरिस पार्क येथील दिवाळी कार्यक्रमातील भाषण)



मला विषय दिलाय 'नावं बदललेले देश'. सिलोनचं श्रीलंका झालं १९७२ ला, बर्माचं म्यानमार १९८९ ला, स्वाझीलँडचं एस्वातिनी २०१८ ला. ही यादी मुलांच्या क्विझसाठी ठीक आहे. आपण जिथे बसलोय तिथलंच बघू या ना! या भूमीला पूर्वी 'न्यू हॉलंड' म्हणायचे. गव्हर्नर मॅक्वारीने १८१७ मध्ये 'ऑस्ट्रेलिया' नावाची शिफारस केली आणि १८२४ मध्ये ब्रिटिश आरमाराने ते मान्य केलं. शेजारच्या पॅरामॅटाचं आधीचं इंग्रजी नाव रोझ हिल. १७९१ मध्ये मूळ धरुग लोकांच्या शब्दावरून आजचं नाव आलं. हॅरिस पार्क मात्र जॉन हॅरिस या सर्जनच्या नावाचं. मे २०२३ मध्ये दोन्ही पंतप्रधानांनी इथल्या 'लिटल इंडिया' प्रवेशद्वाराच्या कोनशिलेचं अनावरण केलं, तरी स्टेशनची पाटी हॅरिस पार्कचीच.

मी पडलो डेटाबेसवाला. आमच्याकडे नाव वेगळं, कोड वेगळा. बर्माचा 'बीयू' जाऊन म्यानमारचा 'एमएम' आला. एस्वातिनीने मात्र जुना 'एसझेड'च ठेवला. मुंबईचं नाव १९९५ ला बदललं, पण आपल्या विमानाच्या तिकिटावर अजून 'बीओएम'च असतं.

माणसांचं इतकं सोपं नसतं हो. माझे बाबा १९५० चे, लातूरचे. तेव्हा जिल्हा उस्मानाबाद, राज्य हैदराबाद. १९५६ ला ते मुंबई राज्यात गेले, १९६० ला महाराष्ट्रात, १९८२ ला लातूर हाच जिल्हा झाला. वाडा जागचा हलला नाही! उस्मानाबादचंही २०२३ मध्ये धाराशिव झालं. आता व्हिसाच्या फॉर्मवर एक लिहायचं आणि जुन्या दाखल्यावर दुसरंच, मग खुलासे देत बसा. कराचीत तर फाळणीपूर्वी बरीच मराठी कुटुंबं होती. १९४० साली तिथे जन्मलेल्या आजीने जन्मदेश काय सांगायचा? पाकिस्तान तेव्हा नव्हताच, आणि आजच्या नकाशात कराची भारतात नाही.

नावं बदलायला माझी हरकत नाही. पॅरामॅटासारखं तिथल्या लोकांचं नाव परत येत असेल तर आनंदच आहे. पण जुनं नाव पुसून टाकू नका, नव्याशेजारी तारखेसकट ठेवा. आईबाबा यंदा इथे आले की जन्मगाव, तालुका, जिल्हा, राज्य हे सगळं तेव्हा जसं होतं तसं त्यांच्याच अक्षरात लिहून घ्या, आणि जुन्या दाखल्याची प्रत सोबत जोडा. त्या पानाची एक प्रत मुलांकडेही द्या.