परसातली तार, अडचणीत आधार

बचत गटाच्या बैठकीत आपण कर्ज, व्याज, शेळ्या, शिलाई यांवर नेहमीच बोलतो. आज बोलू या परसातल्या एका तारेवर. ही तार कपडे वाळत घालायची नाही. ही आहे हौशी रेडिओची, म्हणजे हॅम रेडिओची अँटेना.

हाती मोबाइल असताना ही कशाला? ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्या भागात कोण विसरेल? किल्लारीच्या भूकंपानंतर हौशी रेडिओवाले आपले संच घेऊन मदतीला आले होते. २६ डिसेंबर २००४ ला अंदमानात त्सुनामी आली, तेव्हा भारती प्रसाद या रेडिओच्याच कामासाठी पोर्ट ब्लेअरला होत्या. त्यांनी आणि सोबत्यांनी अडकलेल्या माणसांची खुशाली रेडिओवरून घरच्यांपर्यंत पोचवली. टॉवर बंद पडला की मोबाइल मुका होतो. हा संच १२ व्होल्टच्या बॅटरीवरही बोलतो.

बोलायचं तर परवाना हवा. केंद्राच्या दूरसंचार विभागाची परीक्षा असते आणि १२ वर्षं पूर्ण झालेली मुलगीही ती देऊ शकते. परवान्याआधी संच आणू नये. आणि यावरून धंद्याचं बोलणं चालत नाही.

आता तार. १४३ ला मेगाहर्ट्झने भागलं की तारेची लांबी मीटरमध्ये येते. ७.१ मेगाहर्ट्झसाठी ती साधारण २० मीटर, म्हणजे दोन्ही बाजूंना १०-१० मीटर. ब्लाउजचं कापड बेततो तशी थोडी जास्तच ठेवा. नंतर मोजून कापता येते. घरातल्या फिटिंगची तांब्याची तार चालते. टोकांना ठिबकच्या नळीचे तुकडे बांधा, पुढे नायलॉनची दोरी. मधोमध दोन्ही तुकडे एकमेकांना चिकटू देऊ नका. एकाला केबलचा मधला तांब्याचा गाभा, दुसऱ्याला बाहेरची जाळी जोडा. केबल ५० ओहमची घ्या. डिशची वेगळी असते. जोडात पाणी शिरणार नाही असं गुंडाळा.

मधला भाग लिंबाच्या झाडावर किंवा बांबूवर सात-आठ मीटर उंच, टोकं दोन्हीकडे उतरती. एवढीच उंची असली तरी हिरमुसू नका. अशा तारेच्या लहरी वर आभाळाकडे जातात आणि परत येऊन काही शे किलोमीटरच्या आत उतरतात. आपल्याला मुंबई-नागपूरपर्यंत पोचायचं तर हेच सोयीचं.

आता जिवाची गोष्ट, नीट ऐका. महावितरणच्या तारांच्या वर, खाली, जवळ ही तार नेऊ नका. विजेच्या खांबाला तर बांधूच नका. आपली तार किंवा बांबू कसाही पडला तरी विजेच्या तारेला शिवणार नाही, एवढं अंतर हवं. बोलणं चालू असताना टोकांना हात लागला तर पोळतं, म्हणून टोकं लेकरांच्या हाताला लागतील अशी नकोत. मृगाआधी आणि परतीच्या पावसात आपल्याकडे विजा पडतात. ढग दिसले की संचाची केबल काढून घराबाहेर ठेवा. गडगडाट सुरू झाल्यावर मात्र हात लावू नका.

ऊसतोडीला निम्मं गाव बाहेर जातं, तेव्हा मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. अशा गावात बाहेर निरोप धाडू शकणारी एक तरी बाई असावी. परीक्षेला कोण बसणार आणि कुणाच्या परसात जागा आहे, एवढं पुढच्या बैठकीत ठरवू या.