आई प्रवासात पाणी पीत नाही

आजचा एपिसोड प्रवासात ऐकत असाल तर फारच बरं, कारण विषय प्रवासाचाच आहे. एसटी स्टँडवरची, स्टेशनवरची स्वच्छतागृहं. साध्या भाषेत बाथरूम. आणि त्यातही बायकांची.

सुरुवात घरापासून करते. आई कोल्हापूरला, मी नोकरीला पुण्यात. एसटीनं पाच-सहा तासांचा रस्ता. आई येते तेव्हा पिशवीत भडंग असतं, चटणी असते आणि लिटरभर पाण्याची बाटली असते. मागच्या वर्षी मे महिन्यात तिला घ्यायला स्वारगेटला गेले. उन्हानं तोंड लालभडक, ओठ सुकलेले आणि बाटली जशीच्या तशी भरलेली. म्हटलं, "अगं, पाणी का प्यायली नाहीस?" तर म्हणते, "घरात जाऊन पितो की. गाडीत कशाला नसता ताप?"

तिचे नियमच ठरलेले आहेत. निघायच्या दोन तास आधी चहा बंद. ताक नको, कलिंगड नको. खरं सांगू? कॉलेजपासून मीही हेच करत आले. कुणी शिकवलं नाही, बघून बघून आलं.

दोन महिन्यांनी आईच्या पोटात कळा सुरू झाल्या. मुतखडा निघाला. डॉक्टरांनी विचारलं, "काकू, पाणी किती पिता?" आई म्हणाली, "पितो की." मी गप्प बसले. पाणी कमी पिणं हे मुतखड्याचं एक मोठं कारण आहे. आणि लघवी वारंवार दाबून ठेवली की संसर्गाचा धोकाही वाढतो.

दिवाळीनंतर आम्ही दोघी कोल्हापूरहून पुण्याला निघालो. डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून मी तिला मुद्दाम पाणी पाजलं. वाटेत एका मोठ्या स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबली. कुठलं स्टँड ते सांगत नाही, तुम्ही आपापलं आठवा. बाहेर टेबल टाकून एक माणूस बसलेला, बाईमागे पाच रुपये. शेजारच्या पुरुषांच्या मुतारीला पैसे नाहीत. आत तीन दारं. एकाला कुलूप. एकात पाणी नाही. तिसऱ्याला कडी नाही. आई आत गेली आणि मी बाहेरून दार ओढून धरून उभी राहिले. तेवढ्यात आमच्या गाडीचा हॉर्न. आई घाईनं बाहेर आली, साडी सावरत गाडीपर्यंत पळाली. मुतखड्याची पेशंट, पंचावन्न वर्षांची बाई.

सीटवर बसल्यावर तिनं बाटली पिशवीत तळाला घातली. "बघ. म्हणून पीत नाही मी." पुण्यापर्यंत मी तिला पुन्हा पाणी पी म्हणाले नाही. काय तोंडानं म्हणणार?

परतीला मी एकटीच होते. त्याच स्टँडवर उतरले आणि कंट्रोल केबिनमध्ये तक्रारवही मागितली. तिथले काका सज्जन होते. म्हणाले, "ताई, बाथरूमची आजवर कुणाची तक्रार नाही बघा." मी वही चाळली. गाडी लेट, सुट्टे पैसे, सीटवरून भांडण. बाथरूमवर खरंच एक ओळ नव्हती. काका खोटं बोलत नव्हते.

इथं मला माझं ऑफिस आठवलं. ॲपमध्ये एखाद्या बटणावर कुणी क्लिकच करत नसेल, तर आम्ही म्हणतो, लोकांना ते नकोय. कधीकधी ते बटण मोडलेलं असतं आणि लोकांनी दुसरी वाट शोधलेली असते. लॉगमध्ये ती वाट दिसत नाही. आपल्या बायकांनी शोधलेली वाट म्हणजे पाणी न पिणं. ती कुठल्या वहीत येणार?

17 मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं. चांगलंच झालं, आईसुद्धा जास्त फिरायला लागली. पण बायका जास्त प्रवास करणार, तर कड्या आणि नळही तेवढे लागणार ना? आणि महिला कंडक्टर तर हा प्रवास रोज करतात.

हे सगळं आधी कुणी बोललं नाही असं अजिबात नाही. मुंबईत 2011 मध्ये 'राइट टू पी' चळवळ सुरू झाली. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून पैसे का, हा त्यांचा एक मोठा प्रश्न होता. त्यातल्या मुमताज शेख यांचं नाव 2015 मध्ये बीबीसीच्या शंभर महिलांच्या यादीत आलं. पुण्याचं 'मिळून साऱ्याजणी' मासिक याच प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयात गेलं. डिसेंबर 2015 मध्ये कोर्टानं बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग धरला आणि राज्यातल्या सगळ्या महापालिकांना निर्देश दिले. म्हणजे आपल्या कोल्हापूरलाही.

मग अडतं कुठं? रस्ता महापालिकेचा, स्टँड महामंडळाचं, स्टेशन रेल्वेचं, सफाई ठेकेदाराची. आमच्याकडे ज्या बगला मालक नसतो, तो वर्षानुवर्षं उघडाच राहतो. इथंही तसंच.

आता एक जुनी गोष्ट. 1909 मध्ये ओखिल चंद्र सेन नावाच्या प्रवाशानं साहिबगंजच्या रेल्वे कार्यालयाला पत्र लिहिलं. फणस खाऊन पोट बिघडलं, म्हणून तो स्टेशनवर उतरून शौचाला गेला. तेवढ्यात गाडी सुटली, हा लोटा आणि धोतर सांभाळत धावला आणि सगळ्यांसमोर पडला. हे सगळं त्यानं लाज न बाळगता लिहून दिलं. त्यानंतर डब्यांत शौचालयं आली असं सांगतात. पत्र आजही दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे.

माझी आई असं पत्र कधीच लिहिणार नाही. म्हणून मी त्या वहीत लिहिलं. तारीख, वेळ, किती दारं, कुठं कडी नाही. काकांनी सही घेतली.

तुम्हीही एवढंच करा. स्टँडवर तक्रारवही मागा, ती मागणं हा हक्क आहे. रेल्वेसाठी 139 नंबर किंवा रेलमदद ॲप. "फार घाण आहे" असं मोघम लिहू नका. कडी, नळ, दिवा, कुलूप, पैसे, असं नेमकं लिहा. आणि मुलांनो, ही वही बायकांचीच नाही. घरी जाऊन आईला एकदा विचारा, प्रवासात पाणी पितेस का? उत्तर मला कळवा.

आई पुढच्या महिन्यात पुण्याला येणार आहे. स्वारगेटला मी आधी बाटली बघणार. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.